उत्तर समुद्राच्या काठचे जुने मठ आणि मासेमारीची बंदरं : व्हिटबी ते आर्ब्रोथ

सागरगोटी

इंग्लंडचा ईशान्य किनारा आणि त्याला लागून स्कॉटलंडचा पूर्व किनारा. व्हिटबी, हार्टलपूल, टाइनमाउथ, लिंडिसफार्न, आर्ब्रोथ. या प्रत्येक गावात एक जुना मठ आहे किंवा होता आणि त्याच्या पायथ्याशी किंवा हाकेच्या अंतरावर मासेमारीचं बंदर आहे. आपली मंडळी इकडे आली की लंडन आणि एडिंबरा करतात, फार तर लेक डिस्ट्रिक्टला जातात. हा किनारा राहूनच जातो. म्हणून हा धागा.

माझं सांगणं एकच आहे. मठ वेगळा आणि बंदर वेगळं असं पाहू नका. बहुतेक जण वर जाऊन कमानींचे फोटो काढतात, खाली येऊन मासे-चिप्स खातात आणि गाडीत बसतात. पण संत बेनेडिक्टने मठांसाठी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे मठात चार पायांच्या प्राण्यांचं मांस वर्ज्य होतं, सूट फक्त आजाऱ्यांना. शिवाय शुक्रवार आणि ईस्टरआधीचा दीर्घ उपवास होताच. एवढ्या तोंडांना वर्षभर मासा लागणार. कोळ्यांकडून दशमांशही मठ घेई. वरची प्रार्थना आणि खालचं जाळं यांचा हिशोब कित्येक शतकं एकाच वहीत होता.

सुरुवात व्हिटबीपासून करते. एस्क नदी जिथे समुद्राला मिळते तिथे दोन्ही तीरांवर गाव, मध्ये फिरता पूल आणि पूर्वेच्या कड्यावर मोठा मठ, म्हणजे अ‍ॅबी. नॉर्थम्ब्रिया या इथल्या जुन्या राज्याचा राजा ऑस्विऊ याने ६५७ मध्ये इथे मठ स्थापला आणि हिल्ड नावाच्या राजघराण्यातल्या बाईंच्या हाती दिला. स्त्रिया आणि पुरुष दोघांचा मठ, आणि प्रमुख बाई! ६८० मध्ये हिल्ड वारल्या, तोवर इथून पुढे बिशप झालेली पाच माणसं शिकून बाहेर पडली होती. हे बीडने लिहून ठेवलंय. बीड म्हणजे टाइनकाठच्या जॅरोच्या मठातला मठवासी. या किनाऱ्याचा सातव्या शतकाचा इतिहास आपल्याला मुख्यतः त्याच्यामुळे कळतो.

६६४ ची धर्मसभा इथलीच. राजा आयर्लंडकडून आणि आयोना या स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या मठाच्या बेटाकडून आलेल्या पद्धतीने ईस्टर धरायचा, तर केंटहून आलेली राणी रोमच्या पद्धतीने. राजाचा सण सुरू झाला तरी राणीचा उपवास चालूच. आपल्याकडे एकाच घरात स्मार्त आणि भागवत एकादशी वेगवेगळ्या दिवशी यावी तसं. फरक एवढाच की इथे सगळ्या राज्याची दिशा त्यावर ठरणार होती. दोन्ही बाजूंचं ऐकून राजाने रोमच्या बाजूने कौल दिला आणि आयोनाच्या परंपरेचा बिशप कोलमन आपली माणसं घेऊन परत गेला.

आणि कॅडमन! मठाची गुरं राखणारा माणूस. मेजवानीत वीणा हातोहात फिरत आपल्याकडे येतेय असं दिसलं की तो उठून गोठ्यात जायचा, कारण गाता येत नसे. एका रात्री स्वप्नात कोणीतरी त्याला गायला सांगितलं आणि तो गायला. सकाळी हे हिल्डबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी त्याला हाकलला नाही, मठात घेतला. नाव माहीत असलेला इंग्रजीतला पहिला कवी तो हाच. त्याच्या पहिल्या गीताच्या नऊच ओळी उरल्यात.

आज वर जे उभं दिसतं ते हिल्डबाईंच्या काळातलं नाही. तो मठ नवव्या शतकात व्हायकिंगांच्या हल्ल्यांत गेला. रेनफ्रिड नावाच्या नॉर्मन सैनिकाने शस्त्र टाकून दीक्षा घेतली आणि १०७८ च्या सुमारास मठ पुन्हा वसवला. उंच टोकदार कमानींचं गॉथिक बांधकाम त्याच्याही नंतरचं, मुख्यतः तेराव्या शतकातलं. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला, पुढे १८३० मध्ये मधला मनोरा कोसळला आणि १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौकांचे गोळे पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर पडले. एवढं होऊनही पूर्वेची भिंत तिच्या तिन्ही मजल्यांच्या खिडक्यांसकट शाबूत आहे.

चढायला १९९ पायऱ्या आहेत. वर पोचलात की आधी मागे वळून बंदराकडे पाहा, मग आत जा. बाकीच्या ठिकाणांबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी जरूर लिहा. विशेषतः बंदरांबद्दल.

*

निशिगंधा_

वाचतेय. खूप दिवसांनी असा धागा आला. पुढचं येऊ दे लवकर.

*

दर्यावर्दी

सागरगोटी, छान सुरुवात. मी व्यापारी जहाजांवर आयुष्य काढलं. टीस नदीच्या मुखाशी आमचं जहाज लागायचं, त्यामुळे हार्टलपूलबद्दल मला सांगू दे.

हिल्डबाई व्हिटबीला जाण्याआधी हार्टलपूलच्या मठाच्या प्रमुख होत्या. तो मठ आता जमिनीवर दिसत नाही, पण हेडलँड नावाच्या जुन्या भागात त्यांच्या नावाचं मोठं दगडी चर्च आहे. साधारण आठशे वर्षं जुनं. तिथून बंदराला वळसा घालून पलीकडे गेलात की नौदलाच्या संग्रहालयात एक जहाज तरंगताना दिसेल, एच.एम.एस. ट्रिंकोमाली. हे जहाज आपल्या मुंबईचं आहे, मंडळी. मुंबई गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली मलबारी सागवानात बांधलं गेलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं. इंग्लंडात ओकचा तुटवडा होता आणि सागवान तर त्याहून टिकाऊ. म्हणून नौदलाने मुंबईकडे काम दिलं. याचे पहिले नकाशे ज्या जहाजावरून हिंदुस्थानात येत होते ते जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेलं, नकाशे पुन्हा पाठवावे लागले. कणा बसवताना पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला होता.

आज ब्रिटनमधली तरंगती राहिलेली ही सर्वांत जुनी युद्धनौका. १९८७ मध्ये दुरुस्तीसाठी हार्टलपूलला आणली. काम २००१ पर्यंत चाललं आणि ती इथेच राहिली. खालच्या डेकवर वाकून चालावं लागतं. तिथे एका जाड तुळईवर हात ठेवा. वर रंग दिलेला आहे, पण कडेला जिथे रंग उडालाय तिथे सागाचा तपकिरी रेषा असलेला गाभा दिसतो. आमच्या रत्नागिरीच्या घराच्या तुळया त्याच लाकडाच्या. मला तिथून हलवेना.

दुसरी गोष्ट व्हिटबीची. ३० ऑक्टोबर १९१४ ला पहाटे रोहिला नावाचं इस्पितळी जहाज व्हिटबीच्या दक्षिणेला सॉल्टविकच्या खडकांवर चढलं. जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं. मुंबई-कलकत्त्याच्या जुन्या खलाशांना हे नाव सांगायला नको. जखमी सैनिकांना आणायला डंकर्ककडे निघालं होतं. किनारा डोळ्यांसमोर, सहाएकशे यार्डांवर, पण मध्ये उसळलेला समुद्र. गावकऱ्यांनी वल्ह्यांची जीवरक्षक होडी खडकांवरून ओढत नेऊन दोन फेऱ्यांत ३५ जण वाचवले, मग ती होडीच फुटली. काही जण पोहत आले, त्यांना ओढून घ्यायला लोक गळाभर पाण्यात उभे होते. शेवटी १ नोव्हेंबरला टाइनमाउथहून रात्रीच्या अंधारात आलेल्या मोटरबोटीने उरलेले ५० जण उतरवले. २२९ पैकी सुमारे ८५ गेले. वाचलेल्यांत मेरी रॉबर्ट्स नावाची एक बाई होती. त्याच्या दोन वर्षं आधी ती टायटॅनिकवरूनही वाचली होती. गावाच्या दफनभूमीत रोहिलाच्या लोकांचं स्मारक आहे. व्हिटबीला जाल तेव्हा तिथे दोन मिनिटं थांबा.

*

सागरगोटी

दर्यावर्दीकाका, हे वाचून अंगावर काटा आला. मनापासून आभार. व्हिटबीच्या जीवरक्षक दलाची अजून एक आठवण सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारी १८६१ मधल्या वादळात होडीने एकाच दिवसात एकामागून एक फेऱ्या केल्या आणि शेवटच्या फेरीत ती उलटली. १३ पैकी १२ जण बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन. त्याच्या अंगावर तेव्हा नवीनच आलेलं बुचाच्या लाकडाचं जाकीट होतं. त्यानंतर अशी जाकिटं घालण्याचा आग्रह वाढला.

*

अनघा लीड्स

माझे आई-बाबा मे महिन्यात येताहेत. बाबांचे गुडघे दुखतात, १९९ पायऱ्या जमणार नाहीत. शिवाय लिंडिसफार्नला रस्ताच पाण्याखाली जातो असं ऐकलंय. तिथे कसं जायचं? आणि आम्ही सगळे शाकाहारी, मासेमारीच्या बंदरांत आमच्यासाठी काही आहे का?

*

पायवाट

अनघा, व्हिटबीला कड्यावर मागच्या बाजूने गाडीरस्ता आहे आणि अ‍ॅबीजवळ वाहनतळ आहे. बाबांना तिथे उतरवायचं. आतलं संग्रहालय चमली घराण्याच्या जुन्या वाड्यात आहे. मठ बंद झाल्यावर ही जागा त्यांनी घेतली होती. शेजारचं सेंट मेरी चर्च चुकवू नका. आत प्रत्येक कुटुंबासाठी दार असलेल्या लाकडी खोक्यांसारख्या बैठका आहेत, काही ठिकाणी नावंही रंगवलेली. बाबांना बसायला जागाच जागा.

लिंडिसफार्नबद्दल मात्र नीट लक्ष देऊन वाच. बेट मुख्य भूमीला एका डांबरी रस्त्याने जोडलंय आणि तो दिवसातून दोनदा भरतीत बुडतो. ओलांडण्याच्या सुरक्षित वेळा नॉर्थम्बरलँडची काउंटी परिषद जाहीर करते. रस्त्याच्या दोन्ही टोकांना फलक आहेत. दिलेल्या वेळेच्या शेवटच्या मिनिटाला निघायचं नाही. दरवर्षी लोकांच्या गाड्या अडकतात. रस्त्यात खांबांवर एक पांढरी खोली आहे, अडकलेल्यांनी शिडीने वर चढून मदतीची वाट पाहायची म्हणून. पुण्याहून आलेल्या माणसाला कोरडा ठणठणीत रस्ता अर्ध्या तासात समुद्र होतो हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

दोन प्रकारे जाता येतं. एक म्हणजे ओहोटीत जाऊन त्याच ओहोटीत परत. दुसरा, मला फार आवडणारा: भरतीआधी आत जायचं आणि भरती होऊन जाईपर्यंत आतच राहायचं. रस्ता बंद झाला की दिवसाची गर्दी निघून गेलेली असते आणि बेटावर गावकरी, मुक्कामी पाहुणे आणि सील एवढेच उरतात. वाळूच्या पट्टीवर सील ओरडतात ते मठाच्या आवारात ऐकू येतं. पायी जाणाऱ्यांसाठी वाळूतून खांब रोवलेली यात्रेकरूंची जुनी वाट आहे, पण ती आई-बाबांना नको. चिखल असतो आणि वेळेचं गणित आणखी कडक.

तिथला इतिहास मोठा आहे. ६३५ मध्ये राजा ऑस्वल्डच्या बोलावण्यावरून आयोनाहून एडन नावाचा मठवासी आला आणि मठ सुरू झाला. पुढे संत कथबर्ट. त्याने एकांतासाठी इनर फार्न बेट धरलं आणि ६८७ मध्ये तिथेच देह ठेवला. आठव्या शतकाच्या सुरुवातीला लिंडिसफार्न गॉस्पेल्स हा वासरांच्या कातड्यावर लिहिलेला रंगीत ग्रंथ इथे झाला. मूळ प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ८ जून ७९३ ला व्हायकिंगांनी मठ लुटला आणि ८७५ मध्ये मठवासी कथबर्टचा देह खांद्यावर घेऊन निघाले. तो शेवटी ९९५ मध्ये डरहमला विसावला. डरहमच्याच मठवाशांनी नंतर बेटावर पुन्हा बांधकाम केलं, त्याचे लालसर दगड आज उभे आहेत. छत गेलं, मनोरा गेला, पण त्याला पेलणारी एक तिरकी कमान आकाशात तशीच राहिली आहे. तिला इंद्रधनुष्य कमान म्हणतात.

आणि बंदर? किल्ल्याकडे जाताना हेरिंग मासे पकडायच्या जुन्या होड्या अर्ध्या कापून उलट्या घातलेल्या दिसतील. डांबर फासलेल्या, एका टोकाला दार. कोळी त्यात दोर आणि टोपल्या ठेवतात.

शाकाहाराचं म्हणशील तर या गावांत सूप, स्कोन, बटाटा, चीज सगळीकडे मिळतं. चिप्स मात्र विचारून घ्या, काही दुकानांत त्या गोमांसाच्या चरबीत तळतात. यॉर्कशायरमध्ये ही पद्धत बरीच आहे.

*

अनघा लीड्स

चिप्सचं सांगितलंत ते फार बरं केलंत. आई तर उपवासालाही चिप्स चालतील म्हणून खूश होती. भरतीत आत राहण्याची कल्पना बाबांना सांगते, त्यांना नक्की आवडेल.

*

खडककोरा

व्हिटबीचा विषय निघालाय तर खडकांबद्दल लिहायलाच हवं. हिल्डबाईंनी कड्यावरच्या सापांचे दगड केले अशी तिथे दंतकथा आहे. पुरावा म्हणून लोक दाखवायचे ते गुंडाळलेले दगड म्हणजे अमोनाइटचे जीवाश्म, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले. जुने कारागीर त्यांच्यावर सापाचं डोकं कोरून विकत. गावाच्या चिन्हातही असे तीन साप आहेत आणि एका अमोनाइटच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी हिल्डबाईंचं नाव दिलंय, हिल्डोसेरस.

आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम हाही अमोनाइटच. त्यातली चक्रं म्हणजे त्या प्राण्याच्या कवचातले कप्पे. मी व्हिटबीच्या किनाऱ्यावर पहिला अमोनाइट उचलला तेव्हा आजीच्या देवघरातलं चंदन लावलेलं चक्र समोर आलं. दोन टोकांच्या माणसांनी एकाच जातीच्या दगडात दैवी हात पाहिला याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दुसरा दगड जेट. खरं तर दगड नाही, जीवाश्म झालेलं लाकूड, मंकी पझल जातीच्या झाडांचं. हातात घेतलं तर हलकं आणि कोमट लागतं. काळी काच थंड लागते, त्यामुळे नक्कल लगेच कळते. व्हिक्टोरिया राणीने पतीच्या शोकात जेटचे दागिने घातले आणि व्हिटबीत शेकडो कारागीर कामाला लागले. आजही गावात काही जण हे काम करतात.

कड्याखाली फिरताना दोन गोष्टी पाळा. भरतीची वेळ पाहून निघा आणि कड्याच्या अगदी तळाशी उभे राहू नका. हा शेल नावाच्या ठिसूळ खडकाचा कडा सतत ढासळतो. खाली पडलेलं उचला, कड्यातलं खणू नका.

*

बखरकार

लेख आवडला, पण सागरगोटी, तुमच्या मुख्य मुद्द्याला माझी हरकत आहे. मठांमुळे बंदरं झाली असा अर्थ निघतो, तो मला पटत नाही. मासेमारी मठांच्या आधीही होती आणि मठ गेल्यावरही राहिली. स्टेथ्स किंवा रॉबिन हूड्स बे घ्या. कड्याच्या घळीत चिकटलेली ही गावं, त्यांच्या डोक्यावर कुठला मोठा मठ नाही. तरी मासेमारी जोरात होती. कारण तिथे हेरिंग, कॉड आणि खेकडे होते आणि होडी ओढायला उतार होता. त्यांची कोबल ही होडीच पाहा. पुढून उंच आणि खोल, मागून सपाट. समुद्रात नाक पुढे करून जायची आणि परतताना मागची सपाट बाजू वाळूकडे करून लाटांवरून यायची. ही रचना कोळ्यांच्या शहाणपणातून आली, त्यात मठाचा वाटा नाही.

शिवाय मठांवरच माशांची मागणी उभी असती तर १५३९ नंतर सगळं कोसळायला हवं होतं. तसं झालं नाही. व्हिटबी तर पुढे वाढलं. तुरटी, कोळशाची जहाजं, १७५३ पासून व्हेलची शिकार. जेम्स कुक १७४५ मध्ये स्टेथ्सच्या दुकानात लागला आणि पुढच्या वर्षी व्हिटबीत जॉन वॉकर या जहाजमालकाकडे उमेदवार झाला. त्याच्या जगप्रवासाची एंडेव्हर, रिझोल्यूशन, अ‍ॅडव्हेंचर आणि डिस्कव्हरी ही चारही जहाजं व्हिटबीत बांधलेली. हे वैभव मठ गेल्यानंतरचं आहे.

*

सागरगोटी

बखरकार, कोबलबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मासेमारी मठांनी शोधली असं मी म्हणतच नाही. पण मासेमारी आणि बंदर यात फरक आहे. वाळूवर होडी ओढणं कोळ्याला एकट्याला जमतं. धक्का, बाजार, साठवण, दिवा यासाठी भांडवल आणि अधिकार लागतो, आणि त्या काळी तो मठाकडे होता.

नॉर्थ शील्ड्सचं पाहा. १२२५ मध्ये टाइनमाउथ प्रायरीचा, म्हणजे तिथल्या मठाचा, प्रमुख जर्मेनस याने टाइन नदीच्या मुखाशी कोळ्यांसाठी झोपड्या घातल्या, प्रायरीला मासा मिळावा म्हणून. वस्ती वाढली, जहाजं लागू लागली, माल उतरू लागला. वरच्या अंगाला न्यूकॅसलचे व्यापारी बसलेले. त्यांचा व्यापार बुडतोय म्हणून ते राजाकडे गेले आणि १२९० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. धक्के मोडा, माल उतरवू नका. मठ आणि शहर माशांच्या बंदरावरून भांडले, एवढं ते बंदर मोलाचं होतं. आणि आज? प्रायरीचे अवशेष कड्यावर आहेत आणि खाली नॉर्थ शील्ड्सचा फिश की, म्हणजे मासळीचा धक्का, चालू आहे, प्रॉनसाठी इंग्लंडात पहिल्या क्रमांकाचा. मेट्रोने टाइनमाउथला उतरा, प्रायरी पाहा आणि नदीकाठाने चालत फिश कीवर या. समुद्रात गेलेल्या कोळ्यांचं स्मारक त्याच वाटेवर आहे, समुद्राकडे पाहत बसलेल्या खलाशाचा मोठा पुतळा. माझ्या मते या सबंध किनाऱ्यावरची ही सर्वांत सुंदर चाल.

१५३९ नंतर काय झालं हा तुमचा प्रश्न फारच मोलाचा. मागणी खरोखर घसरली होती. म्हणून तर १५६३ मध्ये एलिझाबेथच्या मंत्र्याने, विल्यम सेसिलने, बुधवारही मासे खाण्याचा दिवस ठरवणारा कायदा आणला. धर्मासाठी नाही असं कायद्यातच स्पष्ट केलं होतं. कोळी टिकले तर नौदलाला खलाशी मिळतील हा हेतू. मठांनी लावलेला उपवास गेला तेव्हा सरकारला तो पुन्हा लावावा लागला.

*

बखरकार

१५६३ चा दाखला चोख आहे. बंदर आणि मासेमारी यांत फरक करायला हवा, हेही पटलं. व्हिटबीत मठाच्या काळचा एक रिवाज अजून चालतो, तो या बाजूने जोडतो. येशूच्या स्वर्गारोहण दिनाच्या आदल्या सकाळी बंदराच्या वरच्या चिखलात हेझलच्या काठ्या रोवून कुंपण विणतात. तीन भरत्या ते टिकलं पाहिजे. मग शिंग फुंकतात. ११५९ सालची प्रथा असं मानतात. मठाच्या रानात एका संन्याशाला मारणाऱ्या सरदारांना मठाधिपतीने दिलेली ही शिक्षा, अशी कथा आहे. मठ जाऊन पाचशे वर्षं होत आली, तरी कुंपण दरवर्षी उभं राहतं. अनघा, हा दिवस बहुतेक मे महिन्यात येतो, तारीख पाहून घ्या.

*

सुरमई प्रेमी

आता खाण्याचं कोणीतरी लिहायला पाहिजे ना! हेरिंग आपल्या तारलीच्याच कुळातला मासा, पण चांगला मोठा आणि तेलकट. पाठीकडून चिरून पुस्तकासारखा उघडायचा, मिठाच्या पाण्यात मुरवायचा आणि थंड धुरावर धरायचा की झाला किपर. व्हिटबीत हेन्रिएटा स्ट्रीटवर, अ‍ॅबीच्या कड्याखाली, १८७२ पासूनचं धुराचं घर आहे. आत डोकावलं तर भिंती डांबरासारख्या काळ्या, हात लावला तर चिकट. दीडशे वर्षांचा ओकचा धूर बसलाय तो. आडव्या काठ्यांवर आकड्यांनी माशांच्या रांगा टांगलेल्या आणि खाली जमिनीवर ओकच्या भुशाचे ढीग धुमसतात. ज्वाळा दिसता कामा नये, नाहीतर मासा शिजतो. रात्रभर धूर लागला की रुपेरी मासा तांबूस सोनेरी होतो. उत्तरेला क्रास्टरला १८५६ चं घर आहे, सीहाउसेसचे लोक तर किपर आमच्याकडेच जन्मला म्हणतात.

किपर घरी आणलात तर उंच भांड्यात शेपटी वर करून उभा ठेवा, उकळतं पाणी ओता, पाच मिनिटांनी काढा, वर लोणी. घरभर वास होत नाही. मी उरलेला किपर कांदा, हिरवी मिरची आणि कोकम घालून भाकरीबरोबर खाते.

पण एक लक्षात ठेवा. आजचे बरेच हेरिंग नॉर्वे-आइसलँडकडून येतात. एकेकाळी इथे हेरिंगचे थवे किनाऱ्याने दक्षिणेला सरकत आणि त्यांच्यामागून स्कॉटलंडच्या मुली एका बंदरातून दुसऱ्या बंदरात येत. बोटांना कापडाच्या पट्ट्या बांधून दिवसभर मासे साफ करून पिंपांत मीठ घालून भरत. मग जाळी मोठी झाली, यंत्रं आली, मासा संपत आला. १९७७ मध्ये उत्तर समुद्रातली हेरिंगची मासेमारीच काही वर्षं बंद करावी लागली. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे पर्ससीन (यांत्रिक बोटींची मोठी जाळी) आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं) यांचा वाद ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वाचून धस्स व्हावं.

आता व्हिटबीची भिस्त खेकडा आणि शेवंडीवर (लॉब्स्टर). शेवंड हातात आली की कोळी मापपट्टी लावतो. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या कडेपर्यंत ८७ मिलिमीटर भरली नाही तर परत पाण्यात. पोटाखाली अंडी असलेली मादीही परत. २०२१ च्या शरद ऋतूत टीसच्या मुखापासून व्हिटबीपर्यंत किनाऱ्यावर मेलेल्या खेकड्यांचे ढीग लागले. शेवाळ, बंदरातला उपसलेला गाळ, रोगजंतू अशी निरनिराळी मतं निघाली, वाद खूप झाला. ज्यांच्या टोपल्या रिकाम्या आल्या त्यांचा धंदा तेवढ्यात बसला. धक्क्यावर विकत घेताना दोन शब्द बोला त्यांच्याशी, फार आपुलकीने सांगतात.

*

डंडीकर

सगळे इंग्लंडातच अडकलात, आर्ब्रोथ शीर्षकात आहे म्हणून लिहितो. मी डंडीत राहतो, तिथून आर्ब्रोथ ट्रेनने पंचवीसेक मिनिटांवर. सागरगोटी यांच्या बाजूने सर्वांत भक्कम दाखला इथलाच आहे. १३९४ मध्ये अ‍ॅबीचा प्रमुख जॉन गेडी याने गावकऱ्यांशी बंदर बांधायचा करार केला. मठाने बंदर बांधलं, असं सरळ म्हणता येतं.

अ‍ॅबी ११७८ मध्ये राजा विल्यम द लायन याने बांधायला घेतली, कँटरबरीत मारल्या गेलेल्या आर्चबिशप टॉमस बेकेटच्या नावाने. लाल वालुकाश्म, दक्षिण बाजूच्या भिंतीत उंचावर मोठी गोल खिडकी. तिच्यात रात्री दिवा ठेवत आणि समुद्रावरून ती दिसे असं इथे सांगतात. १३२० मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं पत्र इथून पोपना गेलं. १९५० च्या नाताळात विद्यार्थ्यांनी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतून स्कॉटलंडचा राज्याभिषेकाचा दगड पळवला, तो एप्रिल १९५१ मध्ये याच अ‍ॅबीच्या आवारात आणून ठेवला. आर्ब्रोथच्या माणसाला या गोष्टी विचारा, तासभर सुटका नाही.

बंदराजवळ बेल रॉक दीपस्तंभाचं संग्रहालय आहे. समुद्रात अठरा किलोमीटरवर एक खडक भरतीत बुडतो. पूर्वी आर्ब्रोथच्या मठाधिपतीने त्यावर घंटा बांधली होती अशी दंतकथा. रॉबर्ट स्टीव्हन्सनने तिथे दीपस्तंभ उभारला, फेब्रुवारी १८११ मध्ये तो पेटला, आजही उभा आहे. पाणी ओसरेल तेवढेच तास काम करता यायचं. स्वच्छ दिवशी किनाऱ्यावरून बारीक काठीएवढा दिसतो.

आणि सुरमईताई, किपरच्या पुढची पायरी आर्ब्रोथ स्मोकी. हॅडॉक मासा, दोन-दोन शेपटीला सुतळीने बांधून काठीवर टांगायचे, खाली कठीण लाकडाचा विस्तव, वर ओलं गोणपाट. इथे धूर गरम, मासा त्यातच शिजतो. काढला की कातडी सुटते आणि आत पांढराशुभ्र, रसदार. २००४ पासून याला युरोपचं भौगोलिक संरक्षण मिळालं. गावाच्या आठ किलोमीटर परिसरात झाला तरच तो आर्ब्रोथ स्मोकी. गोणपाट पाहून मला डंडीच्या ताग गिरण्या आठवतात, त्यांचा ताग बंगालमधून यायचा.

*

अनघा लीड्स

हे सगळं बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ट्रिंकोमालीचं ऐकून ते एकदम उठून बसले. आजोबा माझगाव गोदीत होते ना! आता त्यांना हार्टलपूल आधी हवंय. गाडी न घेता जमेल का?

*

सागरगोटी

जमेल. न्यूकॅसलहून किनाऱ्याने जाणारी गाडी सुंदरलंडवरून हार्टलपूलला येते आणि तीच पुढे मिडल्सबरोला जाते. जहाजाचं संग्रहालय स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे. हेडलँडवरच्या चर्चला मात्र बस किंवा टॅक्सी घ्या. मिडल्सबरोहून व्हिटबीला एस्क खोऱ्यातली छोटी ट्रेन जाते. दिवसात मोजक्याच फेऱ्या आहेत, पण डोंगरातून नदी पुन्हा पुन्हा ओलांडत जाते आणि थेट बंदराशी उतरवते. ती हुकली तर एक्स ९३ बस. न्यूकॅसलच्या उत्तरेला एक्स १८ बस क्रास्टर, सीहाउसेस, बॅम्बराकडे जाते. बॅम्बराला ग्रेस डार्लिंगचं संग्रहालय आहे. सप्टेंबर १८३८ मध्ये वडिलांबरोबर होडी वल्हवून बुडत्या जहाजावरची माणसं आणणारी दीपस्तंभ राखणदाराची मुलगी. आईंना आवडेल.

बेत आखताना लिंडिसफार्नचा दिवस पहिल्यांदा ठरव. भरतीच्या वेळा पाहून तो जिथे बसेल तिथे बसू दे आणि बाकी सगळं त्याच्या मागेपुढे लाव. मे महिन्यात असाल तर सीहाउसेसहून फार्न बेटांची बोटही धरा, तेव्हा पफिन हे समुद्रपक्षी असतात. तिकीट आधी काढून ठेव. बाबांना जाड स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट दे. मे असला तरी त्या बोटीवर गारठा असतो.